उटीच्या डोंगरगाडीचा बेत आखताय? या चुका टाळा

ओळखीतलं कुणी उटीला निघालं की मला फोन येतो, आणि तो बहुतेक वेळा उशिराच येतो. जायची-यायची तिकिटं झालेली, हॉटेलचे पैसे भरलेले, आणि मग प्रश्न, "त्या टॉय ट्रेनचं काय करायचं?" कोइमतूरजवळचं, डोंगराच्या पायथ्याचं मेट्टुपालयम ते उदगमंडलम (म्हणजेच उटी) ही ४६ किलोमीटरची मीटरगेज गाडी २००५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. दातेरी रुळावरून चढणारी भारतातली ही एकमेव गाडी. बोटिंग आणि चहाचा कारखाना यांच्या मधे तिला कोंबू नका. आधी तिचा दिवस ठरवा, मग बाकीचं.

दिवाळीची सुट्टी

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. आपला पावसाळा जून ते सप्टेंबर. नेरळहून माथेरानला चढणारी गाडी पावसाळ्यात बंद असते आणि नंतर सुरू होते, हे आपल्या डोक्यात पक्कं असतं. म्हणून दिवाळीत सगळीकडचे घाट मोकळे असणार असं आपण धरून चालतो. पण निलगिरीच्या पूर्वेकडच्या उतारावर ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस असतो, आणि गाडीच्या वाटेवरच्या कल्लार ते कुन्नूर या चढावर दरडी नेमक्या तेव्हाच येतात.

एका दिवाळीत आम्ही घरची अकरा माणसं पहाटे साडेपाचला मेट्टुपालयम स्टेशनवर उभी होतो. फराळाचे डबे, स्वेटर, थोरल्या मावशीसाठी घडीची खुर्ची. तिला ही गाडी फार वर्षांपासून बघायची होती. खिडकीवरच्या माणसाने मान हलवली. रात्री रुळावर दगड-माती आली होती, गाडी रद्द. तिकिटाचे पैसे परत आले. मावशी एवढंच म्हणाली, "असू दे रे." पुढच्या वर्षी तिच्या गुडघ्यांनी साथ सोडली, लांबचा प्रवास बंद झाला, आणि गाडी राहिली ती राहिलीच.

त्या दिवशी मी आणखी एक चूक केली, तिची हळहळ जास्त आहे. घाईघाईत दोन टॅक्सी ठरवल्या आणि कुन्नूर ओलांडून थेट उटी गाठली. कुन्नूर ते उटी हा वरचा टप्पा साध्या रुळाचा, डिझेल इंजिनाचा. खालचा भाग बंद असला तरी तो बरेचदा चालू असतो. कुन्नूरला उतरून चौकशी केली असती तर मावशीला निदान तेवढं तरी मिळालं असतं.

आता मी फेब्रुवारी-मार्चलाच जातो. दिवाळीशिवाय सुट्टीच नसेल तर कुन्नूरला दोन रात्री ठेवतो आणि त्यातला एक दिवस पूर्ण रिकामा सोडतो. पर्यायी टॅक्सीचा विचारही आधीच करून ठेवा: मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०२४ पासून निलगिरीत येणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांना ई-पास लागतो. तो काढला आहे का, हे ड्रायव्हरला आदल्या दिवशीच विचारा.

"कुन्नूरपासून बसलं तरी चालेल ना?"

हा शॉर्टकट सुचवणाऱ्यांशी मी अजूनही वाद घालतो. मेट्टुपालयम समुद्रसपाटीपासून साधारण ३३० मीटर, उटी २२०० मीटर. त्यातला मोठा चढ कुन्नूरच्या आधीच संपतो. कल्लारनंतर चढ बारा फुटांना जवळजवळ एक फूट होतो आणि दोन रुळांच्या मधे दातेरी पट्ट्या सुरू होतात. पट्ट्या दोन, आणि त्यांचे दाते समोरासमोर नसतात, पुढेमागे असतात. म्हणजे इंजिनाच्या चाकाचा एक दात सुटतो तेव्हा दुसरा पकडलेला असतो. वाफेचं इंजिन मागून डबे ढकलतं, प्रत्येक डब्यावर ब्रेक सांभाळणारा माणूस बसलेला असतो. या भागात वेग ताशी १३ किलोमीटरच्या वर नाही. १८९९ साली गाडी कुन्नूरपर्यंत आली, उटीला पोचायला १९०८ उजाडलं.

वर जायला जवळजवळ पाच तास लागतात. "एवढ्यात मुंबई-पुणे जाऊन येऊ" असं म्हणणाऱ्याने खुशाल बसने जावं, ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळेल. टॅक्सीने वर आणि गाडीने खाली हाही सल्ला मला पटत नाही. खाली येताना वेळ वाचतो, पण इंजिनाचा दम ऐकायचा तर चढच हवा.

तिकिटांचा क्रम

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. मुंबई-पुण्याहून कोइमतूरची गाडी तुम्ही दोन-तीन दिवस आधी पकडणार, म्हणून तिचं तिकीट आधी मिळतं. ते मिळालं की लोक हुरळून हॉटेलही करून टाकतात आणि छोट्या गाडीचं विसरतात. माझी सवय अशी: डोंगरगाडीचं तिकीट कन्फर्म होईपर्यंत हॉटेलला एक रुपया द्यायचा नाही. डबे मोजके, जागा थोड्या. वेटिंगवर भरवसा ठेवून मुलांना शब्द देऊ नका. शोधताना उटी लिहून स्टेशन सापडलं नाही तर 'उदगमंडलम' लिहा, कोड यूएएम.

कोइमतूरला सकाळी उतरून त्याच दिवशीची डोंगरगाडी गाठायचा बेत करू नका. ती सकाळी सातच्या सुमारास सुटते आणि मुंबईहून येणाऱ्या गाडीसाठी थांबत नाही. आदली रात्र मेट्टुपालयमला काढा. लॉज साधे आहेत, पण एका रात्रीचाच प्रश्न आहे.

बाकी थोडक्यात. मोठ्या सुटकेसी नेऊ नका, डबे लहान आहेत. निलगिरीत पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांवर बंदी आहे, घरून स्टीलची न्या. स्वेटर बॅगेच्या तळाशी नको, कुन्नूरच्या आधीच लागतो. आणि वाटेतल्या हिलग्रोव्ह स्टेशनवर इंजिन पाणी भरतं तेव्हा पाय मोकळे करायला उतराल, तर लाडवांचा डबा खिडकीपाशी ठेवून उतरू नका. तिथली माकडं झाकण उघडतात.