खजुराचा फुटवा रुजवताना या चुका टाळा

जून-जुलैमध्ये ठाण्याच्या बाजारात कच्छची पिवळी ओली खारीक आली की, आपल्याही अंगणात खजूर असावा असे अनेकांना वाटते. खाल्लेल्या बिया कुंडीत सहज उगवतात. परंतु खजुरात नर आणि मादी झाडे वेगळी असल्यामुळे त्यांतील सुमारे निम्मी रोपे नर निघतात, आणि मादी निघाली तरी फळ मूळ झाडासारखेच येईल याची खात्री नसते. त्यामुळे चांगल्या मादी झाडाच्या बुंध्याशी येणारा फुटवा रुजवणे हाच घरगुती लागवडीचा भरवशाचा मार्ग ठरतो.

या कामातील सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे हिरव्या झावळ्या पाहून फुटव्याला मुळे असतील असे गृहीत धरणे. जोडलेला फुटवा मातृवृक्षाच्या अन्नावर वाढतो, त्यामुळे स्वतःचे एकही मूळ नसताना तो टवटवीत दिसू शकतो. दोन-तीन किलोचा फुटवा कापला तर तो क्वचितच जगतो. तीन ते पाच वर्षांचा, दहा ते पंचवीस किलो वजनाचा आणि स्वतःची मुळे असलेला फुटवाच वेगळा करावा.

मुळे सुटण्यासाठी फुटव्याच्या तळाला सतत ओलावा आणि अंधार लागतो. जमिनीलगतच्या फुटव्याच्या तळाशी मातीची भर घालावी, तर खोडावर उंच आलेल्या फुटव्याच्या तळाभोवती ओल्या कोकोपीटची काळी पिशवी बांधून तिला खाली पाणी निघण्यास भोक ठेवावे. येथे दोन चुका हमखास होतात. तळाला चिकटलेले जुन्या झावळ्यांचे वाळलेले बुडखे न काढताच पिशवी बांधली जाते, आणि ओलावा फुटव्याच्या अंगापर्यंत पोहोचतच नाही. दुसरी चूक पेरू-डाळिंबाच्या गुटी कलमाचा (फांदीची साल काढून तिला झाडावरच मुळे फोडण्याच्या पद्धतीचा) हात बसलेल्यांची असते. ते सवयीने गोल साल काढायला जातात. खजुराला तशी साल नसते, केलेली जखम भरून येत नाही, आणि तिच्या वासाने खोड पोखरणारा लाल सोंड्या भुंगा मात्र येतो.

सहा महिने ते वर्षभर थांबावे लागते. पिशवीचा कोपरा उघडल्यावर पांढरी, बोरूएवढी जाड मुळे दिसली तरच छिन्नी हाती घ्यावी. बाजूची माती उकरून फुटवा आणि मातृवृक्ष यांना जोडणारी अरुंद मान आधी उघडी करावी आणि तेथेच छेद द्यावा. पहारीने उचकटल्यास फुटव्याचा तळ चिरतो. दोन्हीकडच्या जखमांना कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक लावावे. काटे अणकुचीदार असतात, म्हणून हातमोजे घालावेत.

लागवडीची वेळ पुस्तकातून जशीच्या तशी उचलू नये. कोरड्या प्रदेशातील सल्ला ठाण्याच्या पावसाला पुरत नाही. ऐरोलीच्या आमच्या अंगणात मी पहिला फुटवा ‘पावसाचे पाणी आयते मिळेल’ म्हणून जूनच्या अखेरीस लावला, आणि तो डुलू नये म्हणून गाभ्यापर्यंत, म्हणजे नवी पाने जिथून फुटतात त्या मधल्या भागापर्यंत, पुरला. तीन आठवड्यांनी बाहेरच्या झावळ्या हिरव्यागार होत्या. गाभ्यातील मिटलेले पान मात्र चिमटीत धरताच अलगद वर आले, त्याचे टोक तपकिरी, लिबलिबीत होते आणि त्याला आंबलेल्या ताकासारखा वास येत होता. गाभा कुजला की फुटवा संपला, कारण खजुराला वाढीचे टोक एकच असते. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरमध्ये, मुरूम मिसळलेल्या उंचवट्यावर, तळाचा सर्वांत रुंद भाग मातीत जाईल आणि गाभा मातीच्या वर राहील अशा बेताने लावलेला दुसरा फुटवा टिकला.

वेगळे केल्यानंतर बाहेरच्या झावळ्या अर्ध्यावर छाटून उरलेल्या सैल बांधाव्यात आणि काही आठवडे गोणपाटाची सावली द्यावी. पाणी बुंध्याभोवती द्यावे, गाभ्यात ओतू नये.

बाहेरच्या एक-दोन झावळ्या वाळल्या तर घाबरण्याचे कारण नसते. साठलेल्या अन्नावर फुटवा मुळांशिवायही काही महिने हिरवा राहत असल्यामुळे रंगावरून निदान होत नाही. मिटलेल्या पानावर आणि शेजारच्या देठावर एकाच उंचीवर मार्करने रेघ मारून ठेवावी. पानावरची रेघ वर सरकू लागली तर वाढ सुरू आहे. रेघ जागेवरच असेल, पण पान घट्ट असेल, तर वाट पाहावी आणि मुळे तपासण्यासाठी फुटवा हलवू नये.