रायडिंग मोवर कसा निवडावा: काळ्या मातीवरच्या मोठ्या लॉनसाठी

विदर्भात ‘लॉन’ म्हटलं की आधी लग्न आठवतं. तालुक्याच्या गावाबाहेर, हायवेला लागून दोन-तीन एकर हिरवळ, एका टोकाला स्टेज, मागे स्वयंपाकाचं शेड. शिवाय वावरातलं फार्महाऊस असतं, निवासी शाळेचं मैदान असतं. एवढं गवत ढकलायच्या यंत्राने कापणं म्हणजे पायांचे तुकडे. आणि ज्याला गवत कापायची मनापासून आवड आहे, संध्याकाळी सीटवर बसून एकाला एक लागून पट्टे पाडण्यात मजा येते, तो कधी ना कधी रायडिंग मोवर, म्हणजे वर बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र, बघायला शोरूममध्ये जातोच.

गडबड होते ती तिथेच. यंत्र पसंत केलं जातं एप्रिलात, फरशीवर, कोरडं आणि चकचकीत असताना. त्याला काम मात्र करायचं असतं ऑगस्टात, फुगलेल्या काळ्या मातीवर, दाट हरळीत. म्हणून खालची प्रत्येक निवड ऑगस्ट डोळ्यांपुढे ठेवून करा.

आधी जागा मोजा

सातबाऱ्यावरचं क्षेत्र धरू नका. इमारत, पार्किंग, झाडांखालची जागा वजा करून प्रत्यक्ष कापायचं गवत किती, ते टेपने मोजा. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर.

यंत्र तासाला किती जागा कापतं, ते काढायचं गणित सोपं आहे. डेकची (पाती झाकणाऱ्या खालच्या लोखंडी कवचाची) रुंदी, त्यातून मागच्या पट्ट्यावर चढणारा दहा-बारा सेंटिमीटरचा भाग वजा; गुणिले वेग; आणि वळणं-अडथळ्यांसाठी वीस टक्के कमी. ४२ इंची डेक १०७ सेंटिमीटरचं असतं, उपयोगी पडतात ९५. ताशी ५ किलोमीटरने ते तासाला साधारण ३,८०० चौरस मीटर कापतं, म्हणजे एकराला तासाच्या थोडं वर. ३० इंची डेक ताशी ४ किलोमीटरने एकराला दोन तासांच्या आसपास घेतं. २१ इंची ढकलायच्या यंत्राला एकरामागे चार तास लागतात आणि त्यामागे साडेनऊ किलोमीटर चालावं लागतं.

आता वर्षाचा हिशेब. पोळ्याच्या आगेमागे हरळी पाच-सहा दिवसांत कापायला येते. दिवाळीनंतर दर दहा दिवसांनी, थंडीत महिन्यातून एकदा-दोनदा, उन्हाळ्यात पाणी देत असाल तर पुन्हा दहा-बारा दिवसांनी. सगळं मिळून वर्षाला पस्तीसेक कापण्या होतात. दोन एकर असेल तर ४२ इंची यंत्र वर्षाला ७०-७५ तास चालेल. अर्ध्या एकराच्या आत रायडिंग मोवर घेऊ नका. एवढ्या जागेत वळण्यातच निम्मा वेळ जातो.

त्याच टेपने फाटकही मोजा. ४२ हा आकडा कापण्याच्या रुंदीचा आहे. बाजूने गवत फेकणारं तोंड धरलं तर यंत्राची एकूण रुंदी सव्वाचार फुटांवर जाते आणि चार फुटी फाटकात अडकते. घरी आणल्यावर भिंत फोडावी लागलेली उदाहरणं कमी नाहीत.

उतार तपासा

दहा फुटी सरळ पट्टी घ्या. वरचं टोक जमिनीला टेकवा, पट्टीवर लेव्हल ठेवून ती आडवी सपाट करा आणि खालच्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. ते अडीच फुटांच्या पुढे गेलं तर उतार १५ अंशांच्या जवळ आला. बहुतेक रायडिंग मोवरची मर्यादा तिथेच संपते. तळ्याची पाळ, नाल्याचा काठ, धुऱ्याची कड हे भाग ब्रश कटरसाठी सोडा. चालेल अशा उतारावर यंत्र वर-खाली चालवायचं, आडवं नाही. ढकलायच्या यंत्राचा नियम याच्या उलटा आहे, म्हणून सवयीने चूक होते.

प्रकार ठरवा

*लॉन ट्रॅक्टर:* इंजिन पुढे, पाती पोटाखाली, स्टिअरिंग गोल. एक ते तीन एकर मोकळ्या जागेला हाच बरा. वजन दोनशे किलोच्या आसपास, त्यामुळे काळ्या मातीत त्यातल्या त्यात कमी रुततो.

*झिरो टर्न:* स्टिअरिंगऐवजी दोन दांडे, प्रत्येक मागच्या चाकाला वेगळी चाल. जागच्या जागी फिरतो, झाडाभोवती सफाईने वळतो, वेगही जास्त. चालवायला तोच सगळ्यांत मजेदार, यात वाद नाही. पण ओल्या काळ्या मातीवर जागीच वळताना मागचं चाक हरळी मुळासकट ओरबाडतं, पुढची फिरकी चाकं खड्ड्यात बसतात, आणि ओल्या उतारावर चाकं घसरली की दिशा हातात राहत नाही. जमीन मुरमाड आणि सपाट असेल, झाडं आणि खांब भरपूर असतील, तर खुशाल घ्या. भारी जमिनीत आमचं मत लॉन ट्रॅक्टरलाच.

*मागे इंजिन असलेला छोटा रायडर:* ३० इंची डेक. एकराच्या आतली, झाडं-वाफे असलेली जागा.

*मिनी ट्रॅक्टरला स्लॅशर:* १५ एचपीचा मिनी ट्रॅक्टर घरी असेल तर हा विचार मनात येतोच. तरोटा, गाजरगवत, कंबरभर गवत यासाठी स्लॅशर उत्तम. पण तो गवत झोडतो, मोवरसारखं सफाईने कापत नाही, आणि शेतीचे टायर हिरवळीवर चऱ्या पाडतात. संत्र्याच्या ओळींमधलं गवत मात्र त्याचंच काम आहे. लॉन मोवर बागेत घालू नका: पाटाचे दांड, झाडांची आळी आणि १६ मिलिमीटरची ठिबकची नळी, तिन्हींशी त्याचं वैर आहे.

उलटही ऐकून ठेवा. लॉन ट्रॅक्टरच्या मागे डवरा किंवा वखर जोडता येत नाही. त्याची चाल माती ओढायला बनवलेलीच नसते. हलकी ट्रॉली, एवढंच.

एचपी नंतर, डेक आधी

विक्रेता एचपीपासून सुरुवात करेल. तुम्ही खाली वाकून डेक बघा. ४२ इंचापर्यंत दोन पाती असतात, त्यापुढे बहुधा तीन. जमीन उंचसखल असेल तर फार रुंद डेक उंचवट्यावर गवत मुळाशी खरवडतं. त्यासाठी डेकच्या कडेला छोटी चाकं असतात. ती आहेत ना आणि उंची बदलता येते ना, ते बघा. ३८ ते ४२ इंची डेकला १५ ते १८ एचपी पुरतात.

उंची किती टप्प्यांत बदलते तेही विचारा. हरळी ३० ते ४० मिलिमीटरवर ठेवायची तर तेवढं खाली येणारं डेक हवं. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त उंची कापायची नाही: ४० वर ठेवायचं असेल तर ६० झालं की कापा. पावसाची झड लागून गवत फूटभर वाढलं, तर पहिल्या फेरीत डेक पूर्ण वर, दोन-तीन दिवसांनी दुसरी फेरी.

कापलेलं गवत कुठे जाणार? बाजूला फेकणारं डेक ऑगस्टात सगळ्यांत कमी तुंबतं. बारीक करून तिथेच पाडणारं, म्हणजे मल्चिंग, कोरड्या गवताला छान. ओल्या हरळीत त्याचे गोळे पडतात. मागची पेटी दाट गवतात काही मिनिटांत भरते, पण लग्नाच्या लॉनला ती घ्याच. कापलेलं गवत साड्यांच्या काठाला आणि बुटांना चिकटून थेट स्टेजवर पोचतं.

टायर आणि चाल

रुंद, बारीक नक्षीचे टर्फ टायर हवेत. ४२ इंची यंत्राला मागे साधारण २० बाय ८-८ येतात. २० बाय १०-८ मिळत असतील तर काळ्या मातीसाठी तेच मागा. दोन इंच जादा रुंदीने वजन पसरतं. हवा फार थोडी लागते: पुढे १४, मागे १० पीएसआयच्या आसपास. पंपावरचा पोरगा सवयीने तीस भरतो. मग यंत्र उड्या मारतं, चाकाच्या मधल्या पट्ट्यावरच वजन येतं आणि कापणीही तिरकी होते.

रुंद टायर असले तरी वाफसा बघूनच यंत्र काढा. टाच दाबून उचला. ठशात पाणी चमकलं किंवा चिखल टाचेला आला, तर आज नाही.

चाल दोन प्रकारची: गिअरची आणि हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबावर चालणारी). तासन्‌तास मजेत कापायचं असेल तर हायड्रोस्टॅटिकच. पायाने वेग कमी-जास्त, क्लच नाही. तिचा शत्रू उष्णता. वरच्या पंख्यात गवत अडकलं की तेल तापतं आणि यंत्र चढावर दम सोडतं. म्हणून चाचणी दहा मिनिटांची नको, तासाभराची घ्या. थंड असताना कोणतंही यंत्र चढ चढतं. मागे यंत्र ढकलण्यासाठी एक मोकळं करायचा दांडा असतो. तो अर्धवट ओढलेला राहिला की ‘गाडी हलतच नाही’ अशी तक्रार होते. पहिल्याच दिवशी तो कुठे आहे ते बघून घ्या.

इंजिन आणि पेट्रोल

ही इंजिनं बहुतेक हवेने थंड होणारी. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा पातळ मल्टिग्रेड तेल लवकर जळतं. पुस्तिकेत चालतं असं लिहिलं असेल तर उन्हाळ्यात एसएई ३० वापरा. एका सिलिंडरच्या इंजिनात दीड लिटरच्या आत तेल मावतं, म्हणून पाव लिटर कमी झालं तरी ती मोठी तूट. दर वेळी तेलाची पट्टी बघूनच सुरू करा. एअर फिल्टर दर २५ तासांनी साफ करायला सांगतात. आपल्याकडच्या उन्हाळी धुळीत दहा-बारा तासांनी उघडा.

पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. बऱ्याच लहान इंजिनांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांची मर्यादा असते. तुमच्या मॉडेलला २० चालतं का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. इथेनॉल ओलावा ओढतं. महिनाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल कार्बोरेटरमध्ये चिकट थर सोडतं. थंडीत यंत्र उभं करण्याआधी टाकी रिकामी करा आणि इंजिन बंद पडेपर्यंत चालू ठेवा.

आपल्या गवतावर चालवून बघा

यंत्र तुमच्या जागेवर आणायला लावा. गवत चार-पाच इंच वाढू द्या. मग बघा: दोन पात्यांच्या मधोमध न कापलेली रेघ राहते का? वळल्यावर आत केवढं वर्तुळ सुटतं? सीटवरून उठल्याबरोबर पाती बंद पडतात का? पाती बंदच पडली पाहिजेत. काही मेकॅनिक सीटखालचं स्विच ‘डायरेक्ट करून देतो’ म्हणतात. करू देऊ नका. पात्याचं टोक ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास फिरतं. त्याने उडवलेला गिट्टीचा खडा माणसाला जायबंदी करतो. लहान पोराला मांडीवर बसवून फेरी मारायचा लाडही नको.

लग्नाच्या लॉनवर कापण्याआधी पायी फेरी अनिवार्य. मंडपाची लोखंडी खुंटी पातं वाकवते, ते दिसतं तरी. बाइंडिंग तार दिसत नाही: ती पात्यावरच्या स्पिंडलला (पातं फिरवणाऱ्या दांड्याला) गुंडाळते, सील कापते, आणि आठवड्याने बेअरिंग किंचाळायला लागतं.

सुटे भाग कुठे मिळतात

यंत्राइतकीच ही चौकशी महत्त्वाची. स्पिंडलमध्ये बरेचदा ६२०३ नंबरचं बेअरिंग असतं, ते तालुक्याला मिळतं. डेकचा बेल्ट मिळत नाही. त्याच मापाचा गिरणीचा पट्टा बसतो खरा, पण हा बेल्ट पाती लावता-सोडताना सैल-घट्ट होतो, पुलीवर घसरतो. गिरणीचा पट्टा तिथे लवकर जळतो. म्हणून खरेदीतच एक जादा बेल्ट, पात्यांचा एक जादा जोड, एक एअर फिल्टर आणि एक प्लग घ्या. मेकॅनिक तुमच्या गावापर्यंत येतो का, किती दिवसांत येतो, आणि येण्याचे पैसे किती, हे बिलावर लिहून घ्या. वॉरंटी आहे पण यंत्र टेम्पोत टाकून नागपूरला न्यायचं, तर दर वेळचं भाडं तुमच्याच खिशातून जाणार.

पहिल्या दिवशी

आधी चारही चाकांची हवा बघा, मगच डेकची पातळी. डावी-उजवी बाजू सारखी हवी. पात्याचं पुढचं टोक मागच्यापेक्षा ३ ते ६ मिलिमीटर खाली. मागचं टोक खाली असेल तर तेच गवत दोनदा कापलं जातं आणि इंजिनावर फुकटचा भार पडतो.

दर २०-२५ तासांनी पात्याला धार लावा. गवताचे शेंडे दुसऱ्या दिवशी पांढरट, फाटके दिसले तर धार आधीच गेलेली आहे. प्लगची वायर काढा, पातं खोला, मूळ कोन धरून घासा; तो साधारण ३० अंशांचा असतो. ग्राइंडरवर लोखंड निळं पडू देऊ नका. मग पातं भिंतीतल्या खिळ्यावर मधल्या भोकाने अडकवा. एक बाजू खाली गेली तर त्या बाजूचं लोखंड आणखी थोडं घासा. असमतोल पातं स्पिंडल खातं.

आणि बेल्ट, पातं, फिल्टर यांचे नंबर पुस्तिकेतून बघून शेडच्या भिंतीवर ऑइल पेंटने लिहून ठेवा. पुस्तिका पहिल्याच पावसाळ्यात उंदीर खातात.