वारशात आलेली जुनी एम.जी. पुन्हा रस्त्यावर आणताना या चुका टाळा

वारशाने जुनी स्पोर्ट्स कार मिळाली की पहिल्या काही दिवसांत दोन गोष्टी हमखास घडतात. कोणीतरी नवी बॅटरी आणून स्टार्टर मारतो आणि त्याने काही साधले नाही तर चारजण मिळून गाडी ढकलतात व दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडून पाहतात. वर्षानुवर्षे गॅरेजमध्ये उभ्या राहिलेल्या इंजिनावर याहून मोठा अन्याय करता येत नाही. पिस्टनच्या रिंगा गंजाने सिलिंडरला धरून बसलेल्या असतात, एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेला असतो. अशा वेळी जोर लावला की रिंग तुटते किंवा पुशरॉड वाकतो आणि जे काम थोडे तेल घालून व धीर धरून झाले असते ते लेथवाल्याच्या दारात जाते.

पुढचे विवेचन एम.जी. या ब्रिटिश कंपनीच्या एम.जी.ए. या गाडीला धरून केले आहे. १९५५ ते १९६२ या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झालेल्या या दोन आसनी गाडीच्या पहिल्या आवृत्तीत १४८९ सी.सी.चे बी-सिरीज इंजिन होते आणि त्याच घराण्याचे, तेवढ्याच क्षमतेचे इंजिन आपल्या अँबेसिडरमध्ये १९५९ पासून बसू लागले. या नात्यामुळे नागपुरात बसून ही गाडी दुरुस्त करणे शक्य होते. पण सर्वाधिक घोळही याच नात्यातून होतात.

इंजिन फिरवण्याआधी चारही स्पार्क प्लग काढावेत, प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडावे आणि ते झिरपायला काही दिवस द्यावेत. मग सर्वांत उंच गिअर टाकून मागचे एक चाक वर उचलावे व ते हाताने हलके पुढे-मागे करावे, किंवा मूळ हँडल शाबूत असेल तर त्याने हळू प्रयत्न करावा. इंजिन सुटल्यावरही लगेच पेट्रोल देऊ नये. आधी संप (इंजिनाच्या तळाचे ऑइलचे भांडे) उतरवून तळाचा काळा गाळ काढावा, नवे ऑइल भरावे आणि प्लग काढलेल्या स्थितीतच स्टार्टरने इंजिन फिरवून डॅशबोर्डवरच्या ऑइल प्रेशरच्या काट्याने जागा सोडलेली पाहावी. टाकीतले जुने पेट्रोल तोवर चिकट वार्निशासारखे झालेले असते, म्हणून पहिली चाचणी नेहमी वेगळ्या कॅनमधल्या ताज्या पेट्रोलवर घ्यावी.

कागदांकडे उशिरा वळणे

गाडी घरातलीच आहे, कागद काय पळून जाणार आहेत, असे म्हणत अनेकजण पैसे खर्च करून मोकळे होतात आणि मग आर.सी. बुक उघडतात. मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवणे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये हस्तांतरणाचा अर्ज करणे नियमाने अपेक्षित असते. आजोबांच्या नावावरची गाडी वडिलांच्या हयातीतही तशीच राहिली असेल, तर आत्या आणि काका यांचेही नाहरकतपत्र लागू शकते. अशी सही गाडी भंगारासारखी दिसत असताना जितक्या सहज मिळते, तितकी ती रंगून चमकू लागल्यावर मिळत नाही, एवढेच सांगतो. गाडी एम.एच. ३१च्या शहर कार्यालयाच्या हद्दीत येते, ४९च्या पूर्व नागपूरच्या की ४०च्या ग्रामीणच्या, हेही आधीच विचारून घ्यावे. एम.जी.ए.च्या आधीच्या टीडी मॉडेलसारखी गाडी नागपुरात नोंदलेली असेल, तर शहर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात असल्याने मूळ नोंद त्या राजवटीतली असू शकते.

यातच इंजिन क्रमांकाचा प्रश्न येतो. परदेशी सुटे भाग मिळत नव्हते त्या काळात अशा कित्येक गाड्यांत अँबेसिडरचे इंजिन चढवले गेले आणि आर.सी. बुकात मात्र जुनाच क्रमांक राहिला. ब्लॉकच्या उजव्या बाजूला वरच्या कडेशी रिव्हेटने बसवलेली छोटी पट्टी असते. ती तारेच्या ब्रशने न घासता रॉकेलच्या बोळ्याने पुसावी, तिचा फोटो काढावा आणि तो क्रमांक पुस्तकाशी ताडून पाहावा. इंजिन खोलीतल्या पट्टीवरच्या चॅसिस क्रमांकावरून गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम शुल्क घेऊन कारखान्याच्या नोंदींचा दाखला देते. गाडी कोणत्या रंगात, कोणत्या बाजारासाठी आणि कोणत्या इंजिनासह बाहेर पडली हे त्यात येते आणि पुढच्या खरेदीतले निम्मे वाद तिथेच मिटतात.

केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेल्या आणि चॅसिस, बॉडी वा इंजिनात मोठा बदल न केलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. ज्यांची नोंदणी आधीच झालेली आहे त्यांना जुना क्रमांक ठेवता येतो. नव्या नोंदणीला ‘व्हीए’ अक्षरांची मालिका मिळते. मात्र या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही, ती रॅली, प्रदर्शन, इंधन भरणे आणि देखभाल यांपुरतीच रस्त्यावर येते. रविवारी सकाळी फुटाळा तलावावर फेरफटका मारण्याचे स्वप्न असेल, तर नेहमीची नोंदणी नूतनीकरण करून चालू ठेवणेच मला श्रेयस्कर वाटते.

‘अँबेसिडरचा लावून देतो न भाऊ’

हे वाक्य नागपुरातल्या कोणत्याही जुन्या मिस्त्रीकडून ऐकायला मिळेल आणि ते पूर्ण खोटेही नाही. १४८९ सी.सी.च्या दोन्ही इंजिनांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३.०२५ मि.मी. आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ८८.९ मि.मी. आहे. त्यामुळे बेअरिंग, गॅस्केट, टायमिंग चेन अशा कित्येक वस्तू मापे ताडून वापरता येतात. पण दुकानात जाऊन नुसते ‘१४८९ चे द्या’ म्हटले की फसगत होते, कारण अँबेसिडरचे डिझेल इंजिनही १४८९ सी.सी.चेच होते आणि दुकानात उरलेला माल बहुधा त्याचाच असतो. ‘पेट्रोल’ हा शब्द उच्चारल्यावाचून मागणी करू नये आणि जुना भाग हातात घेतल्यावाचून दुकानाची पायरी चढू नये.

पेट्रोलचा भाग मिळाला तरी तो नेमका तोच असेल असे नाही. एम.जी.ए.चे कॉम्प्रेशन ८.३ला १ होते, अँबेसिडरचे त्याहून कमी. म्हणून तिचे पिस्टन घातले की गाडी चालते, पण तिच्यातला जीव जातो. कॅमशाफ्टचे आणि डिस्ट्रिब्युटरचेही तसेच आहे. इग्निशनचा ॲडव्हान्स ज्या चालीने वाढतो ती चाल दोन्हींत वेगळी असते आणि मग मालक महिनोन्‌महिने कार्ब्युरेटरलाच दोष देत बसतो. मूळ एस.यू. बनावटीचे दोन कार्ब्युरेटर काढून एक देशी कार्ब्युरेटर बसवलेला असेल तर निराश होण्याचे कारण नाही: एस.यू.चे भाग आजही इंग्लंडमध्ये सॉल्सबरीच्या बर्लेन कंपनीकडे तयार होतात. पुढचे सस्पेन्शन मात्र अँबेसिडरच्या वाटेला नेऊच नये, एम.जी.ए.ला कॉइल स्प्रिंग आहेत आणि अँबेसिडरला टॉर्शन बार, त्यामुळे तिथला जुगाड जिवावर बेतू शकतो.

आट्यांबाबतही असाच हट्ट धरावा लागतो. या गाडीचे बहुतेक नट-बोल्ट इंचातल्या यू.एन.एफ. आट्यांचे आहेत, विजेच्या जोडण्यांत बारीक बी.ए. स्क्रू आहेत आणि कार्ब्युरेटर व ऑइलच्या नळ्यांवर जुने ब्रिटिश आटे भेटतात. मिलिमीटरचा बोल्ट दोन फेरे आत जातो, तिसऱ्याला अडतो, मिस्त्री पाना लांब करतो आणि ॲल्युमिनियममधले आटे भुगा होऊन बाहेर येतात. शंका असेल तिथे थ्रेड गेज लावून पाहण्याखेरीज उपाय नाही. हिंगणा एम.आय.डी.सी.तल्या लेथवर बुश, पिन, स्टड अशा वस्तू चांगल्या होतात. अट एवढीच की नमुना आणि माप दोन्ही द्यावे, कारण झिजलेल्या नमुन्यावरून केलेला भाग झिजलेलाच तयार होतो.

मुंबईत कुर्ला आणि चोर बाजार, दिल्लीत कश्मीरी गेट आणि मायापुरी येथे फिरल्यावर जुन्या साठ्यातले, मूळ वेष्टनातले भाग हाती लागतात आणि ते पाहून हरखून जाणे साहजिक आहे. अशा साठ्यातला धातूचा भाग घ्यावा, रबराचा कधीही घेऊ नये. ब्रेक सिलिंडरचे कप, नळ्या, इंजिन माउंटिंग यांचे वय डब्यात बसूनही वाढतच असते. एम.जी.ए.चा ब्रेक आणि क्लच यांचा मास्टर सिलिंडर एकाच ओतीव ठोकळ्यात आहे. त्याच्या आत गंजाचे खड्डे असतील तर घासून बोअर मोठा करण्यापेक्षा स्टीलची स्लीव्ह बसवून घ्यावी आणि मगच नवे रबर घालावे. ब्रेकमध्ये खनिज तेल ओतले तर नवे रबरही फुगून निकामी होते.

इंग्लंडहून भाग मागवताना संकेतस्थळावरची किंमत म्हणजे खर्च असे समजू नये. सीमा शुल्क आणि कर हे मालाच्या किमतीवर वाहतूक खर्च मिळवून आकारले जातात, त्यावर कुरिअरचे हाताळणी शुल्क चढते. म्हणून छोट्या छोट्या मागण्या टाळून यादी साचू द्यावी. माझ्या मते बाहेरून आणायच्या यादीत पहिली जागा वायरिंग हार्नेसला द्यावी. जागोजागी टेप गुंडाळलेली जुनी वायर जपण्यासारखी वस्तू नाही.

नागपूरचा उन्हाळा

इथे इंजिन तापले की थर्मोस्टॅट काढून फेकण्याची रीत आहे. एम.जी.ए.च्या बाबतीत ती उलटी पडते. मूळ थर्मोस्टॅटला एक बाही असते आणि तो उघडला की ती बाही बायपासचे भोक झाकते. थर्मोस्टॅटच काढला तर ते भोक कायम उघडे राहते, पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता आतल्या आतच फिरतो आणि मे महिन्यात ४५ अंशांत गाडी आणखी तापते. बाही असलेला थर्मोस्टॅट मिळाला नाही तर निदान तेवढ्या मापाची रिंग बसवून घ्यावी. त्याआधी ब्लॉकचे कोअर प्लग (पाण्याच्या वाटांवरची पत्र्याची बुचे) काढून मागच्या सिलिंडरभोवती साचलेला गाळ खरवडून काढावा, कारण वर्षानुवर्षे बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी भरलेल्या इंजिनात नवा रेडिएटर लावूनही फरक पडत नाही. पुढे डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट यांखेरीज काही घालू नये.

व्हरायटी चौकातल्या सिग्नलला बंद पडलेली गाडी दहा मिनिटे सुरू होत नाही, ही तक्रार वेगळी आहे. या इंजिनात कार्ब्युरेटर एक्झॉस्टच्या अगदी वर बसतात आणि दोहोंच्या मधला उष्णतारोधक पत्रा बहुधा कोणीतरी काढून टाकलेला असतो. पत्रा नसला की फ्लोट चेंबरमधले पेट्रोल उकळते. त्यात आता पंपावरचे पेट्रोल २० टक्के इथेनॉलचे. ते जुन्या रबरी नळ्या मऊ करते आणि टाकीतला साचलेला थर सोडवून फिल्टरमध्ये आणते. नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या जातीच्याच घ्याव्यात.

एस.यू.चा विजेवरचा पंप मागे, बॅटरीजवळ असतो आणि तो कानाने तपासता येतो. किल्ली फिरवल्यावर टकटक सुरू व्हावी, हळूहळू संथ व्हावी आणि चेंबर भरले की थांबावी. टकटक थांबतच नसेल तर कुठेतरी हवा ओढली जाते आहे, चेंबरची सुई पेट्रोल अडवत नाही किंवा टाकी रिकामी आहे. आवाजच नसेल तर आधी वीज पोहोचते का ते पाहावे आणि मग पंपातले पॉइंट साफ करावेत. नवा पंप घेण्याची घाई करू नये.

बॅटरीचीही एक गंमत आहे. या गाडीत आसनांमागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून बारा व्होल्ट केलेले असतात आणि धन टोक चॅसिसला जोडलेले असते. आपल्याकडचा इलेक्ट्रिशियन सवयीने ऋण टोक अर्थ करतो. ज्याला बदल करायचाच असेल त्याने डायनॅमोला नव्याने ध्रुवता द्यावी आणि कॉइलच्या तारा उलटाव्यात. न केल्यास चार्जिंग होत नाही आणि दोष नव्या बॅटरीवर येतो.

पत्रा कापण्याआधी

फ्लोअर बोर्ड प्लायवूडचे असल्याने वाळवीने ते खाल्लेले असणे आपल्या हवेत नवल नाही. जुन्या तुकड्यांवरून कागदी नमुने काढून मरीन प्लायमध्ये ते कोणताही चांगला सुतार करून देतो. खरे संकट दारांखालच्या सिलमध्ये असते. दोन्ही बाजूंचे गंजलेले सिल एकदम कापले की बॉडीला मधोमध आधार उरत नाही, ती नकळत झुकते आणि नवे सिल त्या झुकलेल्या मापावरच वेल्ड होतात. चूक उघड होते ती रंग लावून झाल्यावर, जेव्हा दाराची फट वर चार मि.मी. आणि खाली दहा मि.मी. दिसते. बॉडी चॅसिसवर बोल्टने घट्ट बसवलेली असावी, दाराच्या चौकटीत आडवा आधार वेल्ड केलेला असावा, दार जागेवर लटकवून फट तपासलेली असावी आणि मग एका वेळी एकच बाजू कापावी. दारे, बॉनेट आणि डिकी यांचा पत्रा ॲल्युमिनियमचा आहे, त्यावर सँड ब्लास्टिंग केल्यास तो लाटांसारखा वाकतो. तिथला रंग रसायनानेच काढावा.

क्रोमसाठी भाग देताना प्रत्येक वस्तूचा फोटो आणि मोजलेली यादी प्लेटिंगवाल्याच्या सहीनिशी ठेवावी, कारण टाकीच्या तळाशी बुडालेला छोटा स्क्रू कोणी शोधत नाही.

तारांची चाके असतील तर हबची बाजू शेवटी एकदा तपासावी. डाव्या हबला उजवे आटे आणि उजव्या हबला डावे आटे असतात, म्हणजे धावत्या चाकाबरोबर मधला मोठा नट आवळला जातो. दुरुस्तीत मागचा ॲक्सल उघडला असताना हब अदलाबदल झाले तर तोच नट धावताना सैल होत जातो. गाडी जमिनीवर उतरवण्याआधी नटावर कोरलेले बाजूचे नाव वाचावे, तांब्याच्या हातोडीने तो आवळावा आणि पहिल्या काही किलोमीटरनंतर पुन्हा ठोकून पाहावा.