पिछाडी सांभाळणाऱ्यांची नोंद: नव्या गाइड कॅप्टन आणि स्काउट मास्टर यांच्यासाठी

नाशिकजवळच्या एका माध्यमिक शाळेत मी रुजू झाले, त्याच्या दुसऱ्याच वर्षी माझ्याकडे गाइड पथकाचा कार्यभार आला. आधीच्या कॅप्टन बाई निवृत्त झाल्या होत्या आणि शिक्षकांमध्ये सर्वांत नवी मीच होते, एवढेच त्यामागचे कारण. बहुतेक शाळांत हे असेच घडते, त्यामुळे ज्यांना यंदा असे पथक मिळाले आहे त्यांनी मनात संकोच बाळगू नये. सात दिवसांचे बेसिक प्रशिक्षण पूर्ण करा, जिल्हा कार्यालयातून वॉरंट, म्हणजे नेमणुकीचे अधिकारपत्र, मिळवा, पथकाची नोंदणी दरवर्षी वेळेवर नूतनीकृत करा. ही वाट ठरलेली आहे आणि जिल्हा संघटक ती समजावून देतात. मला लिहायचे आहे ते प्रशिक्षणात थोडक्यात उरकल्या जाणाऱ्या दोन गोष्टींविषयी. मुलांना शाळेबाहेर नेताना कोणती काळजी घ्यावी आणि आपल्या मदतीला येणाऱ्या माणसांची कदर कशी करावी, हे प्रश्न नवे शिक्षक मला वेगवेगळे विचारतात, पण एकोणीस वर्षांच्या अनुभवानंतर मला ते एकच वाटतात.

असे का वाटते, हे सांगण्यासाठी माझ्या हातून झालेली एक चूक सांगावी लागेल. पथक हाती घेतल्यानंतरच्या तिसऱ्या डिसेंबरात आम्ही 29 मुलींना घेऊन अंजनेरी गडावर गेलो होतो. मोठ्यांमध्ये मी, आमच्या शाळेतील एक सहशिक्षिका, एका मुलीची आई आणि आमच्याच पथकातून पुढे गेलेली, महाविद्यालयात शिकणारी एक रेंजर, अशा चौघीजणी होतो. उतरताना ती रेंजर पिछाडीला होती. एका मुलीचा पाय मुरगळला होता, पण आपल्यामुळे आपला संघ, म्हणजे पथकातील छोटा गट, मागे पडेल या भीतीने ती कोणालाही न सांगता दात आवळून चालत होती. रेंजरने तिला लंगडताना पाहिले, तिला जागीच बसवले आणि शिट्टी वाजवून संपूर्ण पथक थांबवले. पाय बांधून, आळीपाळीने आधार देत आम्ही खाली पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि बसचालक व पालक दोघेही वैतागलेले होते. त्या गडबडीत मी त्या रेंजरला काहीच बोलले नाही. पुढे स्नेहसंमेलनात संचलनाची ढाल, ध्वजपथक, उत्कृष्ट संघ अशा सगळ्यांचे कौतुक झाले; रेंजरचे नाव कोणीच घेतले नाही, मीसुद्धा घेतले नाही. दुसऱ्या वर्षी ती आली नाही. बाजारात तिची आई भेटली तेव्हा म्हणाली, “तिला वाटलं, तिच्यामुळे उशीर झाला म्हणून बाई नाराज आहेत.”

माझ्या मौनाचा तिने तोच अर्थ लावावा, हे अगदी स्वाभाविक होते. सहलीत सर्वांत मोलाचे काम तेच असते ज्यामुळे काहीही घडत नाही, आणि जे घडले नाही ते कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. डोळ्यांत भरतो तो केवळ उशीर. सावधपणाच्या वाट्याला नाराजी आणि धाडसाच्या वाट्याला टाळ्या आल्या, तर चार-पाच वर्षांत पथकात फक्त धाडसी माणसे उरतात. नियमांची वही कितीही जाड असली तरी मग तिचा उपयोग होत नाही.

आता नियमांकडे येते. स्काउट-गाइड चळवळ ज्या शिबिरातून उभी राहिली ते इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावरचे शिबिर 1907 चे. आणि त्यानंतर पाचच वर्षांनी, ऑगस्ट 1912 मध्ये, लंडनच्या वॉलवर्थ भागातील स्काउट मुलांची नौका शेपी बेटावरील लेजडाउनजवळ वादळी वाऱ्यात उलटून नऊ मुले बुडाली. सहलीच्या सुरक्षेची चिंता या चळवळीच्या जन्माइतकीच जुनी आहे, हे नव्या शिक्षकाने जाणून घ्यावे. आपल्याकडे फेब्रुवारी 2016 मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले, तेव्हा आम्ही सर्व शिक्षक हादरून गेलो होतो. त्यानंतर सहलींविषयीच्या सरकारी सूचना अधिक कडक झाल्या, आणि काही शाळांनी तर सहली काढणेच सोडून दिले. मला तो उपाय पटत नाही. पाण्याची ओढ मुलांना असतेच. आपण नेले नाही तर ती आपल्यामागे, एकटीने जातात. पण माझ्या पथकाचा नियम मात्र स्पष्ट आहे: मुक्कामाच्या वा जेवणाच्या जागेच्या आसपास धरण, धबधबा, खोल विहीर किंवा समुद्र असेल, तर पाण्याच्या कडेला एक प्रौढ व्यक्ती पूर्ण वेळ उभी राहते आणि तिला दुसरे कोणतेही काम दिले जात नाही. पावसाळ्यात वाहत्या पाण्याजवळ आम्ही थांबतच नाही. जून 2024 मध्ये लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एका कुटुंबातील पाचजण ज्या वेगाने वाहून गेले, तो वेग ज्यांनी चित्रफितीत पाहिला त्यांना या नियमाचे कारण सांगावे लागत नाही.

जागेची पाहणी स्वतः जाऊन करावी, आणि ती त्याच ऋतूत, त्याच वेळेला करावी. मी एकदा ऑक्टोबरात पाहून आलेल्या ठिकाणी मार्चमध्ये पथक नेले आणि ज्या टाक्याच्या पाण्यावर भिस्त ठेवली होती ते कोरडे निघाले. पाहणी करताना पायवाटेपेक्षा तीन गोष्टी अधिक बारकाईने पाहाव्यात: पायथ्याच्या गावातील दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा असतो, कोणत्या टप्प्यावर मोबाइलला रेंज मिळत नाही, आणि अर्ध्यावरून परत फिरायचे झाल्यास वाहन कोठपर्यंत येऊ शकते. सह्याद्रीतील कड्यांवर आग्या मोहोळे असतात. गावातील गुराख्याला विचारले तर यंदा ती कोणत्या बाजूला बसली आहेत, हे तो अचूक सांगतो. त्या दिवशी कोणीही अत्तर वा सुवासिक फवारा लावून येऊ नये, कड्याखाली धूर करू नये आणि घोषणा देऊ नयेत, हे मुलांना आदल्या दिवशी सांगावे, आणि मोठ्यांनाही सांगावे, कारण हा नियम बहुधा मोठ्यांकडूनच मोडला जातो.

माणसांचे प्रमाण हा पुढचा मुद्दा. आपल्या पद्धतीत संघ सहा ते आठ जणांचा असतो, म्हणून मी दर संघामागे एक प्रौढ व्यक्ती हे प्रमाण धरते, आणि त्याखेरीज एक आघाडीला व एक पिछाडीला. तेवढी माणसे मिळाली नाहीत तर मुलांची संख्या कमी करावी. माणसांच्या कमतरतेवर शिट्टीने मात करता येत नाही. मुलींबरोबर महिला प्रमुख असलीच पाहिजे. कोणतीही प्रौढ व्यक्ती कोणत्याही मुलाबरोबर बंद खोलीत वा तंबूत एकटी असता कामा नये, आणि हा नियम मुख्याध्यापकांपासून स्वयंपाक्यापर्यंत सर्वांना सारखा लागू आहे, असे निघण्यापूर्वी सर्वांदेखत सांगावे, म्हणजे तो कोणा एकावर संशय घेतल्यासारखा वाटत नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या 2012 च्या कायद्याप्रमाणे, असा अपराध घडल्याचे समजूनही पोलिसांना न कळवणे हाही गुन्हा आहे. शाळेचे नाव जाईल या भीतीने गप्प बसण्याची मुभा कोणालाही नाही. 1098 हा बालकांसाठीचा मदतक्रमांक मुलांच्या वहीत लिहून घ्यावा, तसेच 112 आणि रुग्णवाहिकेचा 108.

गिनतीविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण ती सोपी वाटते म्हणूनच चुकते. मोठ्यांनी डोकी मोजू नयेत. प्रत्येक मुलीला सहलीपुरता एक कायमचा क्रमांक द्यावा आणि तिने तो स्वतः मोठ्याने उच्चारावा; शिवाय प्रत्येकीची एक जोडीदार ठरलेली असावी. एखादा क्रमांक आला नाही तर “एक कमी आहे” एवढेच नव्हे, तर नेमकी कोण कमी आहे आणि तिला शेवटचे कोणी पाहिले, हे त्याच क्षणी समजते. बसमध्ये चढताना, उतरताना, पाणवठ्यावरून हलताना आणि वाट फुटते अशा प्रत्येक जागी गिनती व्हावी. संघनायिकेकडे तिच्या संघाची जबाबदारी खरोखर सोपवावी. संघ पद्धतीचा अर्थ तोच आहे.

प्रवासासाठी एसटीची बस नैमित्तिक करारावर घ्यावी आणि रात्रीचा प्रवास टाळावा. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, पालकांचे संमतिपत्र आणि प्रत्येक मुलीच्या आजारांची, औषधांची व वावड्यांची माहिती असलेला कागद यांच्या दोन प्रती असाव्यात. एक आपल्या पिशवीत, दुसरी शाळेत थांबलेल्या व्यक्तीकडे. सर्पदंश झाल्यास जखम कापणे, चोखणे वा करकचून बांधणे यांतील काहीही करू नये. अवयव हलू न देता, रुग्णाला चालायला न लावता जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे.

या सर्वांहून वरचा असा एक नियम मी अंजनेरीनंतर पथकात आणला. सहलीतील कोणतीही प्रौढ व्यक्ती, मग ती पहिल्यांदाच आलेली एखादी आई असली तरी, “थांबा” म्हणू शकते, आणि ती तसे म्हणाली की पथक थांबते. तिचे चुकले असे नंतर वाटले तरी त्यावर सर्वांसमोर चर्चा करायची नाही. गेल्या एकोणीस वर्षांत आम्ही दोनदा शिखरापर्यंत न जाता परतलो. दोन्ही वेळा मुली खट्टू झाल्या आणि त्या आठवड्याच्या कोर्ट ऑफ ऑनरमध्ये, म्हणजे संघनायिकांच्या बैठकीत, त्यांनी मला परखड प्रश्न विचारले, जे त्यांनी विचारायलाच हवे होते.

येथे कदर करण्याचा विषय पुन्हा येतो. भारत स्काउट्स आणि गाइड्समध्ये प्रौढांसाठी सन्मानांची रीतसर व्यवस्था आहे: दीर्घ सेवेचे पदक, मेडल ऑफ मेरिट, सिल्व्हर स्टार आणि सिल्व्हर एलिफंट. संघटनेचे सदस्य नसलेल्या, पण तिला साहाय्य करणाऱ्या व्यक्तींसाठी थँक्स बॅज आहे, आणि बहुतेक नव्या शिक्षकांना तो ठाऊकच नसतो. प्रशिक्षणाची शिडी चढत जाणाऱ्याला हिमालय वुड बॅजचे दोन लाकडी मणी मिळतात. 1919 मध्ये इंग्लंडमधील गिलवेल येथील प्रशिक्षण केंद्रात सुरू झालेल्या परंपरेतून ते आले आहेत, आणि ते गळ्यात असलेल्या माणसाविषयी मला आजही आदर वाटतो. हे सन्मान आपोआप येत नाहीत. कोणीतरी बसून प्रस्ताव लिहावा लागतो. आपल्याकडे स्वतःच स्वतःसाठी धावपळ करणाऱ्याचा प्रस्ताव पुढे जातो आणि जो शांतपणे पंधरा वर्षे तंबूच्या खुंट्या ठोकतो त्याचे नाव राहून जाते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून मी एक साधी नोंदवही ठेवते. सहलीहून परतल्यावर तीन दिवसांच्या आत सर्व प्रौढांची चहाबरोबर अर्ध्या तासाची बैठक होते. त्या बैठकीत प्रत्येकाने दुसऱ्या कोणाच्या तरी एका कृतीचा उल्लेख करायचा, आणि ती कृती मी दिनांकासह लिहून घेते. “खूप सहकार्य केले” असे वाक्य त्या वहीत चालत नाही. “दुपारी एक वाजता तीन मुलींच्या बाटल्या रिकाम्या असल्याचे पाहून स्वतःचे पाणी दिले आणि पुढच्या टप्प्यापूर्वी पथक थांबवायला सांगितले”, अशी नोंद लागते. कोणता गड सर केला, किती उंचीवर गेलो, किती शिबिरे केली, यांवर आम्ही कोणाचाही सत्कार करत नाही, कारण ज्या गोष्टीसाठी सत्कार होतो तीच गोष्ट पुढच्या वर्षी अधिक प्रमाणात घडते. वर्षअखेरच्या शेकोटीला या नोंदी संघनायिका मोठ्याने वाचतात. ज्या पालकाने गाठी शिकवल्या, ज्या बसचालकाने घाटात घाई केली नाही, ज्या आजींनी 30 जणांच्या भाकरी करून दिल्या, त्यांची नावे त्यात असतात. शाल-श्रीफळापेक्षा हे वाचन लोकांना अधिक भावते, हा माझा अनुभव आहे.

नोंदवहीचा आणखी एक व्यावहारिक उपयोग आहे. पुरस्काराच्या प्रस्तावात वर्षे, शिबिरांचे दिनांक आणि प्रत्यक्ष कामाचा तपशील द्यावा लागतो, आणि तो आयत्या वेळी कोणालाच आठवत नाही. बदली किंवा निवृत्तीच्या वेळी तर पथकाची कागदपत्रे हमखास गहाळ होतात. वॉरंटची, प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रांची आणि नोंदणीच्या पावत्यांची एक प्रत संबंधित व्यक्तीच्या स्वाधीन करावी, दुसरी पथकाच्या फायलीत ठेवावी, आणि प्रस्ताव पाठवल्यावर जिल्हा कार्यालयाची पोच घेतल्याशिवाय तेथून निघू नये. त्या रेंजरच्या चार वर्षांच्या सेवेची एकही नोंद माझ्याकडे नव्हती. नोंदवही सुरू केली तेव्हा पहिल्या पानावर मी अंजनेरीचा दिनांक, तिचे नाव आणि तिने वाजवलेल्या शिट्टीची नोंद केली, आणि त्या पानाची प्रत तिच्या घरी नेऊन दिली.