हायकू वापरताय? मग युटिलिटींच्या बाबतीत या चुका टाळा

हायकू या ऑपरेटिंग सिस्टिमवर एखादी युटिलिटी, म्हणजे छोटासा कामाचा प्रोग्रॅम, चालेना, की नवा माणूस ठरलेल्या दोन गोष्टी करतो. आधी ती काढून पुन्हा टाकतो. तेवढ्याने भागलं नाही, तर टर्मिनल उघडून लिनक्सवरचे उपाय एकामागून एक चालवून बघतो. दोन्हींतून बहुतेक वेळा काही निष्पन्न होत नाही, कारण हायकू हे लिनक्सचं भावंड नाहीच. ज्याँ-लुई गासे अ‍ॅपल सोडून बाहेर पडले आणि त्यांनी बी ही कंपनी काढली, तिची बीओएस ही हायकूची खरी पूर्वज. २००१ मध्ये त्या कंपनीची मालमत्ता पाम या कंपनीकडे गेली. त्याच वर्षी ओपनबीओएस नावाने तीच प्रणाली नव्याने लिहायला घेतली गेली आणि २००४ मध्ये तिचं नाव हायकू झालं. पाचवा बीटा सप्टेंबर २०२४ मध्ये आला.

हा इतिहास सांगायचं कारण एवढंच, की इथल्या लहान लहान प्रोग्रॅमांची ताकद त्यांच्या स्वतःच्या कोडमध्ये कमी आणि खालच्या फाइल सिस्टिममध्ये व पॅकेज (सॉफ्टवेअरची बांधलेली फाइल) रचनेत जास्त आहे. बिघाडही बहुधा तिथेच सापडतो.

पॅकेज सोडून बसवणं

पहिली चूक तर सॉफ्टवेअर शोधतानाच होते. हायकूडेपो हे सॉफ्टवेअर मिळवायचं दालन उघडलं की समोर येतो तो निवडक पॅकेजेसचा टॅब. तेवढी यादी पाहून «यात काहीच नाही» म्हणत बंद करणारे बरेच. शेजारच्या टॅबवर सगळी पॅकेजेस असतात. तिथे नाव टाकून शोधा आणि तरीही सापडलं नाही तर मेनूतून रिपॉझिटरीज, म्हणजे पॅकेजेसचे ऑनलाइन साठे, ताज्या करून घ्या.

यापेक्षा जास्त डोकेदुखी होते ती जुन्या झिपमधून सॉफ्टवेअर बसवताना. बीओएसच्या काळातल्या रीडमीत (सोबतच्या सूचनांच्या फाइलीत) लिहिलेलं असतं, की ही लायब्ररी (प्रोग्रॅमांना लागणारी कोडची फाइल) अमुक फोल्डरमध्ये टाका, हे अ‍ॅड-ऑन तमुक फोल्डरमध्ये टाका. तुम्ही टाकायला जाता आणि ट्रॅकर, म्हणजे हायकूचा फाइल मॅनेजर, नकार देतो: जागा फक्त वाचण्यापुरती आहे. परवानग्या बदलून इथे काही साधत नाही. २०१३ पासून हायकूत पॅकेज उलगडून डिस्कवर पसरत नाही. पॅकेजची फाइल जशीच्या तशी राहते आणि तिच्यातला मजकूर सिस्टिमच्या फोल्डरांत फक्त दाखवला जातो. काचेच्या कपाटासारखं: आतलं सगळं दिसतं, हात घालता येत नाही. पॅकेजेस फोल्डरमध्ये फाइल टाकली की प्रोग्रॅम हजर, काढली की गायब.

हाताने टाकायच्या गोष्टींसाठी «नॉन-पॅकेज्ड» नावाचं फोल्डर दिलेलं आहे, एक सिस्टिममध्ये आणि एक होममधल्या कॉन्फिगमध्ये. रीडमीत सांगितलेला पत्ता तसाच ठेवायचा, फक्त मध्ये हे फोल्डर घालायचं, की काम होतं.

पण खरी मेख याच फोल्डरात आहे. लायब्ररी शोधताना हायकू पॅकेजमधल्या प्रतीच्या आधी नॉन-पॅकेज्डमधली प्रत उचलतो. म्हणजे कधीतरी एका जुन्या प्रोग्रॅमसाठी तिथे टाकलेली लायब्ररी पुढच्या प्रत्येक अपडेटनंतरही पुढेच उभी राहते. त्यात नव्या प्रोग्रॅमला लागणारं काही नसलं की तो सुरूच होत नाही, आणि तो कितीही वेळा पुन्हा टाकला तरी फरक पडत नाही. एखादी युटिलिटी इतरांकडे व्यवस्थित चालते आणि फक्त तुमच्याकडेच नाही, तर सर्वांत आधी नॉन-पॅकेज्डमधलं लिब फोल्डर उघडा. ज्या जुन्या प्रोग्रॅमला ती लायब्ररी लागतेच, त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये लिब नावाचं उपफोल्डर करून तिथे ठेवा. मग ती फक्त त्यालाच दिसेल.

अ‍ॅड-ऑनचंही असंच. एखाद्या अ‍ॅड-ऑनमुळे ट्रॅकर किंवा इनपुट बिघडल्याचा संशय असेल, तर बूट मेनूतल्या सेफ मोडमध्ये वापरकर्त्याची अ‍ॅड-ऑन्स बंद ठेवून मशीन सुरू करता येतं.

३२ बिट आवृत्ती वापरणाऱ्यांसाठी एक वेगळी खाच आहे. ती आवृत्ती जुने बीओएस प्रोग्रॅम चालावेत म्हणून जुन्या जीसीसी कंपायलरवर उभी आहे आणि नवे प्रोग्रॅम त्याच प्रणालीत दुसऱ्या कंपायलरच्या लायब्ररींवर चालतात. तिथे नावाच्या शेवटी «एक्स८६» असलेलं पॅकेज घ्यायचं. उलट ६४ बिटवर बीओएसचा जुना प्रोग्रॅम चालवण्याचा हट्ट सोडा, तो चालणारच नाही.

आणि नाइटली (सतत नव्याने बांधली जाणारी चाचणी आवृत्ती) व बीटाच्या रिपॉझिटरीज एकत्र ठेवू नका. एखाद्या युटिलिटीची नवी आवृत्ती हवी म्हणून नाइटलीची रिपॉझिटरी जोडली, तर एक-दोन अपडेटांत अर्धी प्रणाली इकडची आणि अर्धी तिकडची होते. झालंच असेल तर रिपॉझिटरीज प्रेफरन्समध्ये एकाच बाजूच्या ठेवा आणि टर्मिनलमध्ये पीकेजीमॅन या पॅकेजेस सांभाळणाऱ्या कमांडला फुल-सिंक करायला सांगा. साधा अपडेट आवृत्ती खाली आणत नाही, फुल-सिंक आणतो.

क्वेरी रिकामी येते तेव्हा

हायकू वापरायचं आणि क्वेरी, म्हणजे अटी घालून घेतलेले फाइलींचे शोध, वापरायच्या नाहीत, हे माझ्या मते निम्मं हायकू बंद करून ठेवण्यासारखं आहे. इथली बीएफएस ही फाइल सिस्टिम प्रत्येक फाइलला हवी तेवढी गुणविशेषं, म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट्स, चिकटवू देते आणि त्यांच्यावर शोध घेऊ देते. ईमेल इथे फाइल असते आणि तिचा विषय, पाठवणारा, वाचली की नाही हे सगळं अ‍ॅट्रिब्यूटमध्ये. पत्त्यांच्या वहीसाठीचा पीपल हा प्रोग्रॅमही तसाच. वेगळा डेटाबेस कुठेच नाही.

आता नेहमीची तक्रार बघा. कोणीतरी पुस्तकांच्या पीडीएफ नीट लावायला घेतो. फाइलटाइप्स प्रेफरन्समध्ये पीडीएफला «लेखक» असं अ‍ॅट्रिब्यूट जोडतो, दिसावं आणि बदलता यावं या दोन्ही खुणा लावतो. ट्रॅकरमध्ये त्या फोल्डरच्या अ‍ॅट्रिब्यूट्स मेनूतून तो रकाना चालू करतो आणि एकेका फाइलपुढे लेखकाचं नाव भरत बसतो. मग शोध उघडून लेखकावरून विचारतो. उत्तर: काही नाही. समोर रकान्यात नावं दिसताहेत आणि शोध म्हणतो काही नाही!

कारण त्या अ‍ॅट्रिब्यूटचा इंडेक्स, म्हणजे शोधासाठीची सूची, कोणी बनवलेलाच नाही. बीएफएसमध्ये क्वेरी इंडेक्सवरून चालते. निदान एक अट तरी इंडेक्स असलेल्या अ‍ॅट्रिब्यूटवर हवी. नाव, आकार आणि बदलाची वेळ यांचे इंडेक्स तयार असतात, ईमेलचे वगैरे त्या त्या प्रोग्रॅमांसोबत येतात. तुम्ही स्वतः बनवलेल्या अ‍ॅट्रिब्यूटचा इंडेक्स टर्मिनलमध्ये एमकेइंडेक्स या कमांडने तुम्हालाच बनवावा लागतो. नाव देताना फाइलटाइप्समध्ये दिलेलं आतलं नाव द्यायचं, रकान्याच्या डोक्यावर दिसणारं नव्हे. इथे पुष्कळजण अडकतात.

बरं, इंडेक्स बनवला, तरी क्वेरी रिकामीच! ही दुसरी पायरी कोणी सांगत नाही. इंडेक्स बनल्यानंतर लिहिलेली अ‍ॅट्रिब्यूट्सच त्यात जातात. आधी भरलेल्या फाइली त्याच्या लेखी नसतातच. त्यांच्यासाठी रीइंडेक्स ही कमांड आहे, तिला अ‍ॅट्रिब्यूटचं नाव आणि फोल्डर द्या. पुन्हा नावं टाइप करायची गरज नाही. म्हणूनच क्रम लक्षात ठेवा: आधी इंडेक्स, मग भरणं. शिवाय इंडेक्स प्रत्येक डिस्क-विभागाचा वेगळा असतो. दुसऱ्या बीएफएस विभागावर नेलेल्या फाइली शोधात आल्या नाहीत, तर तिथे इंडेक्स आहे का ते एलएसइंडेक्सने बघा.

क्वेरी फाइलच्या आतला मजकूर वाचत नाही, हेही सांगून ठेवतो. त्यासाठी ट्रॅकरच्या अ‍ॅड-ऑन्समध्ये टेक्स्टसर्च आहे. आणि मेहनतीने तयार केलेली क्वेरी आठवड्याने नाहीशी झाली तर घाबरू नका: क्वेरी मुळात तात्पुरती असते आणि सात दिवसांनी साफ होते. ठेवायची असेल तर तात्पुरती ही खूण काढून नाव देऊन ठेवा.

अ‍ॅट्रिब्यूट्सचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे पेनड्राइव्ह. बहुतेक पेनड्राइव्ह फॅट या फाइल सिस्टिममध्ये असतात आणि फॅटला अ‍ॅट्रिब्यूट ठाऊकच नाही. पीडीएफ तिकडे नेली आणि परत आणली की फाइल तीच, लेखक गायब. हवं असलेलं आयकन लावलं असेल तर तेही गेलं, कारण तेही अ‍ॅट्रिब्यूटच. बॅकअप घ्यायचा तर हायकूवरच झिप करून घ्या. इथलं झिप अ‍ॅट्रिब्यूट्ससकट बांधतं, आणि ट्रॅकरमध्ये फाइलवर राइट क्लिक करून झिप-ओ-मॅटिक निवडलं की झालं. उघडतानाही हायकूवरच उघडा. दुसऱ्या प्रणालीवर उघडून पुन्हा झिप केलं तर सगळं मुसळ केरात. गिटमध्ये ठेवलेल्या फाइलींनाही हाच नियम.

क्विकलाँचला प्रोग्रॅम दिसत नाही

क्विकलाँच ही माझी सगळ्यात लाडकी युटिलिटी. दोन अक्षरं टाइप केली की प्रोग्रॅम समोर. पण क्विकलाँच प्रोग्रॅम शोधतं ते त्या प्रोग्रॅमच्या सहीवरून, म्हणजे त्याची ओळख सांगणाऱ्या खुणेवरून, आणि सही हेही एक अ‍ॅट्रिब्यूट. फॅट डिस्कवर ठेवलेला किंवा आडमार्गाने कॉपी झालेला प्रोग्रॅम यादीत येत नाही तो यामुळेच. तो बीएफएसवर आणून टर्मिनलमध्ये माइमसेट ही कमांड चालवा. टर्मिनलमधले साधे प्रोग्रॅम मात्र मुळात सहीशिवायच असतात, ते शोधत बसू नका. क्विकलाँचला शॉर्टकट जोडायचा तो शॉर्टकट्स प्रेफरन्समध्ये.

क्लिपडिंजर वापरत असाल तर एवढंच: ते कॉपी केलेला मजकूर इतिहासात ठेवतं. पासवर्ड कॉपी केला असेल तर तेवढी नोंद काढून टाका. हायकू एकाच वापरकर्त्याची प्रणाली आहे, मशीन सुरू झालं की थेट डेस्कटॉप. तिथे बसलेल्या कोणालाही सगळं उघडं.

फाइली आपोआप वर्गवारीने हलवणाऱ्या फायलरचे नियम आधी एखाद्या रिकाम्या फोल्डरात चार फाइलींच्या प्रती घेऊन तपासा. डाउनलोड्सवर थेट सोडलात तर नंतर त्या फाइली कुठे गेल्या, हे शोधायला वर सांगितलेल्या क्वेरीच लागतील.

कॉपी-पेस्ट चालत नाही, ही तक्रार मात्र बिघाड नाही. हायकूत कंट्रोलऐवजी ऑल्ट वापरतात. हाताची सवय मोडत नसेल तर कीमॅप प्रेफरन्समधून अदलाबदल करा. आणि विंडो एकमेकींना चिकटवायच्या असतील तर विंडोज की दाबून धरून टॅबवर टॅब ओढा, त्यासाठी वेगळी युटिलिटी शोधायची गरज नाही.

सुरुवातीलाच अडकणं

मशीन सुरू होताना युटिलिटी आपोआप चालावी म्हणून कॉन्फिगमधल्या सेटिंग्ज, तिथून बूट आणि त्यातल्या लाँच फोल्डरमध्ये तिची लिंक ठेवायची. प्रोग्रॅमच उचलून तिथे टाकू नका, अपडेट झाल्यावरही तीच जुनी प्रत चालत राहते. यूझरबूटस्क्रिप्ट या सुरुवातीला चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये लिहिणार असाल तर प्रत्येक प्रोग्रॅमच्या ओळीशेवटी अँपरसँड (&) हवा. नाहीतर तो बंद होईपर्यंत खालची ओळ चालत नाही आणि दोष मात्र दुसऱ्याच युटिलिटीवर येतो.

डेस्कटॉपवर ठेवलेला रेप्लिकंट, म्हणजे एखाद्या प्रोग्रॅमचा तिथे चिकटवलेला तुकडा, हा आणखी एक संशयित. रेप्लिकंट ट्रॅकरच्या पोटात चालतो, त्यामुळे तो कोसळला की ट्रॅकर घेऊनच कोसळतो. डेस्कटॉप नाहीसा झाला तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबा. टीम मॉनिटर उघडेल आणि त्यात डेस्कटॉप पुन्हा सुरू करण्याचं बटण मिळेल. थोडा वेळ दाबा, सतत दाबून धरलंत तर मशीनच रीबूट होतं.

अपडेटनंतर सगळंच बिघडलं तर

इथे पुन्हा इन्स्टॉल करायची घाई करू नका. पॅकेजेसमध्ये प्रत्येक बदलाआधीची अवस्था प्रशासकीय फोल्डरमध्ये तारीख-वेळेसकट जपून ठेवलेली असते. सुरू होताना बीआयओएसवाल्या मशीनवर शिफ्ट दाबून धरा, यूईएफआयवर स्पेस दाबत राहा. बूट मेनू आला की बूट विभाग व अवस्था निवडायच्या पर्यायात जा आणि गडबडीच्या आधीची तारीख निवडा. काही क्षणांत तेव्हाची प्रणाली उभी राहते.

दोन गोष्टी मात्र ध्यानात असू द्या. ही निवड त्या एका बूटपुरतीच असते, त्यामुळे आत शिरल्यावर आधी महत्त्वाच्या फाइली बाहेर काढा आणि मग कोणत्या पॅकेजने घात केला ते बघा. आणि होममधली सेटिंग्ज मागे जात नाहीत. म्हणजे जुन्या अवस्थेतही तीच युटिलिटी तशीच कोसळत असेल, तर पॅकेज निर्दोष आहे. तिची सेटिंग्जची फाइल दुसऱ्या नावाने बाजूला ठेवून बघा.

स्क्रीन काळी किंवा विचित्र येत असेल, तर त्याच बूट मेनूतला सुरक्षित ग्राफिक्स ड्रायव्हर चालू करा. युटिलिटीचा तिथे संबंधच नसतो.

बग कळवताना

प्रोग्रॅम कोसळला की हायकू एक खिडकी दाखवतो. सवयीने «बंद करा» दाबू नका, अहवाल जतन करायचा पर्याय निवडा. मजकुराची एक फाइल डेस्कटॉपवर येते आणि विकासकाला हवं ते बहुतेक सगळं तिच्यात असतं. «चालत नाही हो» एवढ्या ओळीवर कोणीही काही करू शकत नाही. ट्रॅकर, डेस्कबार, मीडियाप्लेअर, वेबपॉझिटिव्ह असे सोबत येणारे प्रोग्रॅम असतील तर तक्रार हायकूच्या बग ट्रॅकरवर जाते. हायकूपोर्ट्स या हायकूसाठी सॉफ्टवेअर बांधणाऱ्या प्रकल्पातून आलेल्या पॅकेजच्या बांधणीची तक्रार हायकूपोर्ट्सकडे जाते. आवृत्ती, ३२ की ६४ बिट, आणि नॉन-पॅकेज्डमध्ये काय काय पडलंय, एवढं सोबत लिहा. सिस्टिमच कोसळून कर्नल डिबगरच्या पांढऱ्या स्क्रीनवर थांबली असेल, तर बीटी टाइप करून आलेल्या ओळींचा फोटो काढा, मग रीबूट टाइप करा, आणि तो फोटो तक्रारीला जोडा.