लहान मुलांचा ड्रॉइंग क्लास घेताय? मग या चुका टाळा

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत घराच्या माडीवर दर रविवारी सकाळी पोरांचा चित्रकलेचा क्लास घेते. दहा-बारा पोरं असतात, सगळ्यात लहान पाच वर्षांचं आणि सगळ्यात मोठी सहावीतली. आता ओळखीच्या दोघी-तिघी असाच क्लास सुरू करायच्या म्हणतायत आणि सारख्या विचारतात काय काय लागतं, तर सामानाची यादी कुणीही देईल, पण ज्या चुका मी स्वतः केल्यात आणि निस्तरल्यात त्या आधी सांगते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पोराच्या कागदावर आपला हात फिरवणं. "टीचर मला म्हैस जमंना, तुम्ही काढून द्या" असं म्हणत पोरगं कागद पुढं करतं आणि आपण सहज चार रेघा मारून देतो, चित्र झकास होतं, आई खूश, पण पुढच्या रविवारी तेच पोरगं पेन्सिलला हात लावायच्या आधीच कागद घेऊन उभं राहतं, कारण आपल्याला येत नाही हे त्याला आपणच शिकवलेलं असतं. दाखवायचंच असेल तर स्वतःच्या वेगळ्या कागदावर दाखवा आणि दाखवून झालं की तो कागद पालथा घाला. त्याहून चांगलं म्हणजे प्रश्न विचारा. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी बघितल्यास न्हवं, मग सांग, शिंगं कानाच्या वर येतात का खाली? पोट जास्त खाली लोंबतं का मान? पोरगं डोळे मिटून आठवतं आणि मग जी म्हैस काढतं ती वेडीवाकडी असेल पण त्याची असते.

दुसरी चूक फळ्यावरच्या सीनरीची. दोन त्रिकोणी डोंगर, मधी सूर्य, एक झोपडी, नदी आणि चार चारच्या आकड्यासारखे पक्षी. एका क्लासात बारा पोरं आणि बारा कागदांवर एकच चित्र, आता कोल्हापुरात राहून हे करायचं म्हणजे वाईट वाटतं हो. पन्हाळ्याकडं जाताना डोंगर बघा, माथा केवढा पसरट आहे, त्रिकोण कुठाय त्यात? रंकाळा तलावातला दगडी संध्यामठ पाण्यात कसा दिसतो, पाऊस झाला की पाणी किती वर चढतं हे पोरांनी बघितलेलं असतं, तेच काढायला सांगा. टाऊन हॉल म्युझियममध्ये कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांची चित्रं आहेत, राजारामपुरीत अभिनेते आणि चित्रकार चंद्रकांत मांडरेंच्या निसर्गचित्रांचं संग्रहालय आहे, तिथं पोरांना एकदा न्या आणि एकच काम द्या, झाडांचे हिरवे किती वेगवेगळे दिसतात ते मोजा.

वयाचं भान ठेवायला मी सगळ्यात उशिरा शिकले. पाच-सहा वर्षांचं पोरगं कागदाच्या तळाला जमीन काढतं, वर निळी पट्टी म्हणजे आभाळ, मधी कोरं, आणि आई घरापेक्षा उंच. ही चूक नाही. त्या वयात त्याला जे महत्त्वाचं वाटतं ते मोठं येतं, घराच्या भिंतीतून आतला पंखा पण दिसतो. तिथं परस्पेक्टिव्ह, म्हणजे जवळचं मोठं आणि लांबचं लहान काढणं, शिकवायला गेलं की पोरगं गप्प होतं. आठ-नऊच्या पुढं ते आपणहून म्हणायला लागतं की टीचर माझं खरं वाटत नाहीये, तेव्हा शिकवायचं. काही पालक तिसरीतच विचारतात चित्रकलेच्या सरकारी एलिमेंटरी परीक्षेला कधी बसवायचं, त्यांना शांतपणे सांगा की ती परीक्षा हायस्कूलच्या पोरांची आहे, वेळ आहे.

मोठ्या पोरांना वस्तुचित्रात, म्हणजे समोर ठेवलेली वस्तू बघून काढताना, हमखास अडतं ते तांब्यात. तोंड काढतात ते बदामासारखं, दोन्ही बाजूला टोकं, आणि बूड मात्र पट्टीनं मारल्यासारखं सरळ. हे नुसतं "गोल काढ" म्हणून सुटत नाही. मी बांगडी देते. बांगडी आडवी धरून बरोबर डोळ्यासमोर आणायची, ती एक रेघ दिसते, मग हळूहळू खाली न्यायची, ती उघडत जाते, जितकी खाली तितकी गोल. आता तांब्याचं तोंड डोळ्याला जवळ आणि बूड अजून खाली, म्हणजे बुडाचा बाक तोंडापेक्षा जास्त यायला पाहिजे, सरळ रेघ कशी चालंल? हे एकदा हातानं कळलं की पोरं विसरत नाहीत. टोकं जात नसतील तर पेन्सिल टोकापासून लांब धरायला लावा आणि खांद्यापासून हात फिरवत हवेतच चार-पाच वेळा गोल मारून मग कागदावर टेकवायला सांगा, बोटांनी काढलेला गोल अडखळतोच. दोन बाजू सारख्या येत नसतील तर आधी मधली उभी रेघ. आणि एक बारीक गोष्ट, पोरं गोलाकार बसवली असतील तर प्रत्येकाला तांब्या वेगळा दिसतो, तेव्हा चूक काढायच्या आधी त्याच्या जागेवर जाऊन, त्याच्या उंचीला खाली बसून बघा.

खोडरबर पहिली पंधरा मिनिटं गोळा करून ठेवा. पोरं काढतात कमी आणि पुसतात जास्त, आणि सारखं पुसून कागदाचा वरचा थर निघाला की वॉटर कलर तिथंच जास्त शोषला जाऊन काळपट डाग पडतो, मग पोराला वाटतं रंगच खराब. हलकी रेघ मारायची सवय लावा, चुकली तर शेजारी दुसरी मारा. सुरुवातीला एचबी किंवा टूबी पेन्सिल पुरे, सिक्सबी फार मऊ आणि काळी, ती दिली की हात, बाही, कागद सगळं काळं.

रंगात चिखल होतो ही सगळ्या क्लासची तक्रार. कारणं तीनच असतात बहुतेक, पाणी बदललेलं नसतं, खालचा थर ओला असतानाच वर दुसरा रंग जातो, नाहीतर लाल-पिवळा-निळा तिन्ही एकत्र घोटले जातात. दोन डबे ठेवा, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ पाण्याचा, निम्मा त्रास तिथंच संपतो. बारा रंगांचा बॉक्स एकदम उघडू देऊ नका, महिनाभर लेमन यलो, क्रिमसन (गडद लाल) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) एवढेच. जांभळा मळकट येत असेल तर पोरानं शेंदरी लाल घेतलाय का बघा, त्यात पिवळ्याची झाक असते म्हणून निळ्यात मिसळला की तपकिरी होतो, क्रिमसन घेतला की जमतो. सावलीला काळा तर नकोच, अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग घालून बघा, किती छान गडद येतो.

पोस्टर कलर घट्ट ताकासारखा हवा. फार जाड लावला की वाळल्यावर तडे जातात. ब्रश पाण्याच्या डब्यात उभा ठेवायचा नाही, केस वाकतात ते परत सरळ होत नाहीत.

कागदावर पैसे वाचवू नका. झेरॉक्सचा कागद पाणी लागलं की पापडासारखा वळतो आणि पोरगं रडकुंडीला येतं. पेन्सिल आणि पेस्टलला साधा कार्ट्रिज म्हणजे ड्रॉइंगचा कागद चालतो, वॉटर कलरला जाड पेपर घ्या, तीनशे जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप, जास्त म्हणजे जाड) असेल तर उत्तम, महाग वाटला तर एका शीटचे चार तुकडे करा आणि कडा टेपनं पाटाला चिकटवा. आपल्याकडं जुलै-ऑगस्टात तर पाऊस हटत नाही, हवाच ओली, चित्रं वाळत नाहीत आणि घाईनं एकावर एक ठेवली की चिकटून फाटतात. त्या दोन महिन्यांत मी सरळ ऑइल पेस्टल आणि पेन्सिल काढते, रंगवायचंच असेल तर तास संपायच्या वीस मिनिटं आधी ब्रश खाली ठेवायला लावते आणि माडीवरच्या दोरीला चिमटे लावून एक-एक कागद पंख्याखाली टांगते.