डीव्हीडी ड्राइव्ह बसवताय? या चुका टाळा

ड्राइव्ह बसवला, बटण दाबलं की ट्रे छान बाहेर येतोय, लाइटही लागतोय, पण विंडोजमध्ये काहीच दिसत नाही. मग लगेच "पीस खराब निघाला" म्हणून परत करायची घाई. थांबा जरा. ट्रे उघडतोय म्हणजे पॉवर मिळतीये, घोळ बहुतेक डेटाच्या बाजूला आहे. आणि ट्रेसुद्धा उघडत नसेल तर आधी पॉवरची पिन बघा.

साटाची (ड्राइव्ह मदरबोर्डला जोडायची सध्याची पद्धत) डेटा केबल ७ पिनची बारीक, पॉवरची १५ पिनची रुंद, दोन्हींचा सॉकेट इंग्रजी एल आकाराचा, त्यामुळे एकाच बाजूने बसतात. बसत नाही म्हणून जोर लावला की आतली प्लास्टिकची पट्टी तुटते आणि मग खरंच ड्राइव्ह गेला. दुसरं टोक मदरबोर्डवर नीट बसलंय का तेही बघा, खटका असलेली केबल असेल तर टिक आवाज येतो.

तरी दिसत नाही? बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीचा सेटिंग्जचा स्क्रीन) जाऊन बघा. तिथेही नाव नसेल तर केबल बदला, पोर्ट बदला. बऱ्याच मदरबोर्डवर एम.२ स्लॉटमध्ये (मदरबोर्डवरच एसएसडी बसवायची छोटी खाच) एसएसडी लावली की एखाद-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं पण मॅन्युअल उघडतंय कोण!

बायोसमध्ये दिसतोय, विंडोजमध्ये नाही, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह, कोड १९ किंवा ३९? मग रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जचा साठा) अप्परफिल्टर्स-लोअरफिल्टर्स नोंदी बिघडलेल्या असू शकतात, जुनं बर्निंग (डिस्क राइट करायचं) सॉफ्टवेअर काढल्यावर हे होतं. बॅकअप घेऊन फक्त डीव्हीडी-सीडीरॉमच्या कीमधल्याच (रजिस्ट्रीतला फोल्डर) नोंदी काढा, रीस्टार्ट करा.

आता पॉवरचं, इथे मात्र चूक महागात पडते. मॉड्युलर एसएमपीएस (केबल सुट्या निघतात असा पॉवर सप्लाय) असेल तर दुसऱ्या एसएमपीएसची केबल लावू नका, ड्राइव्हकडचं टोक सारखंच असतं पण एसएमपीएसकडच्या पिनांची मांडणी वेगळी असू शकते, आणि चुकीच्या पिनवर १२ व्होल्ट गेले की ड्राइव्ह जळतो. मोलेक्स (जुना ४ पिनचा पॉवर कनेक्टर) टू साटा कन्व्हर्टर तर शक्यतो टाळाच, त्यातही प्लास्टिक ओतून बनवलेले, कारण ते आत शॉर्ट होऊन पेटल्याची उदाहरणं आहेत. आणि हे सगळं करताना मेन स्विच बंद, वायर काढलेली, हे सांगायला नको.

स्क्रूबद्दल: ऑप्टिकल ड्राइव्हला बारीक आट्यांचे एम३ स्क्रू लागतात, ३.५ इंची हार्डडिस्कचे जाड आट्यांचे नाही. दोन फिरक्यांतच अडकला तर स्क्रू चुकीचा आहे, पिळत बसू नका. ड्राइव्ह बहुतेक कॅबिनेटमध्ये समोरून सरकवायचा असतो, आणि ट्रे पॅनेलला घासत नाही ना हे बघून मगच स्क्रू आवळा. अर्थात आधी ५.२५ इंची जागा आहे का तेच बघा, हल्लीच्या काचवाल्या कॅबिनेटमध्ये ती बहुतेक नसतेच, तिथे सरळ यूएसबीवाला घ्या.

जुना आयडीई (साटाच्या आधीचा, रुंद पट्टीच्या केबलचा) ड्राइव्ह असेल तर मास्टर-स्लेव्हचा जम्पर (पहिला-दुसरा ड्राइव्ह ठरवणारी मागची छोटी टोपी) तपासा, एका केबलवर दोघं मास्टर चालत नाहीत.

आणि सगळं दिसतंय, फाइल्स उघडतायत, फक्त पिक्चर लागत नाही? विंडोज ८ पासून मीडिया प्लेअरमधून डीव्हीडी प्लेबॅक काढून टाकलंय, व्हीएलसी टाका. ब्लू-रे असेल तर मात्र बहुतेक वेळा वेगळं पैसेवालं सॉफ्टवेअर लागतं.